गोणीतले ७५० मोल

अकरावीच्या कुठल्याही वर्गात हे गणित घालून पाहा : ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत नत्र, म्हणजे नायट्रोजन, किती? युरियाच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू, कार्बन आणि ऑक्सिजनचा एकेक, हायड्रोजनचे चार. रेणुवस्तुमान ६०. इथवर पोरं चुकत नाहीत. पुढं बरीच जणं ४५ला ६०ने भागून मोकळी होतात : ०.७५ मोल, म्हणजे २१ ग्रॅम नत्र.

अख्ख्या गोणीत २१ ग्रॅम! खरिपात तीच गोणी खांद्यावरून रानात नेणारं पोरगं वहीत हे उत्तर लिहितं आणि खाली ऐटीत दोन रेघा मारतं. किलोचे ग्रॅम करायचे राहिले, एवढंच. ४५,००० ग्रॅम म्हणजे ७५० मोल. मोलमागं २८ ग्रॅम नत्र धरलं की २१ किलो. गोणीवर छापलेल्या ४६ टक्क्यांनी मात्र २०.७ किलोच भरतं. शुद्ध युरियात नत्र ४६.६७ टक्के असतं, गोणीवरचा आकडा ही किमान हमी. कारखान्यातल्या मालात थोडा ओलावा आणि बाययुरेटसारखी अशुद्धी असायचीच.

पोरांचं रसायनशास्त्र कच्चं आहे, असं मला वाटत नाही. आलेल्या उत्तराकडं बघायची सवय आपण त्यांना लावलेली नाही. मराठी शाळेत नववीला ‘द्रव्याचे मोजमाप’ या धड्यात मोल भेटतो. अकरावी विज्ञानात तोच इंग्रजी पुस्तकातून. मग ‘नीट’ परीक्षा : रसायनशास्त्राचे ४५ प्रश्न, १८० गुण, चुकलं की एक वजा. जिंतूर-सोनपेठची मुलं लातूर-नांदेडला खोली करून राहतात, ट्रिका पाठ करतात. ट्रिकेशी माझं भांडण नाही. पण पेपर काढणारा तयारीचा असेल, तर ‘२१ ग्रॅम’ हा पर्याय तो हमखास ठेवणार.

डीएपीची गोणी आणखी फसवी. १८:४६:० मधलं ४६ म्हणजे स्फुरद, पण निव्वळ फॉस्फरस नव्हे, तर फॉस्फरस पेंटॉक्साइड. त्याच्या १४२ भागांत फॉस्फरस ६२ भाग. म्हणजे ५० किलोच्या गोणीत पेंटॉक्साइड २३ किलो आणि फॉस्फरस जेमतेम १० किलो. ऑक्साइडच्या हिशेबात बोलायची ही जुनी रीत खतांच्या व्यवहारात अजून सुटलेली नाही.

परभणीत १९७२पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथून खतांच्या शिफारशी हेक्टरी किलोत निघतात आणि कृषी सेवा केंद्रात शेतकरी विचारतो, एकरी किती गोण्या टाकू? अकरावीच्या पहिल्या प्रकरणात एककं बदलण्याच्या या हिशेबाहून वेगळं काय शिकवायचं असतं?

तेव्हा रसायनशास्त्राच्या सरांना आणि मॅडमना विनंती : यंदा पहिल्या प्रकरणाला फळ्यावर ही गोणी घ्या. ४५ किलो युरियाचा सरकारी भाव २६६ रुपये ५० पैसे. एक किलो नत्र कितीला पडलं? गोणीवरचे ४६ टक्के धरले, तर उत्तर १२ रुपये ८७ पैशांच्या आसपास यायला हवं. कुणाचं १२ हजारांवर गेलं, तर खोडरबर देऊ नका. ते उत्तर घरी वडिलांना वाचून दाखवायला सांगा.