हे झाड कसलं?

मराठी माणूस चित्राला देतो ती सर्वोच्च पदवी म्हणजे, ‘अगदी फोटोसारखं!’ आणि फोटोला देतो ती, ‘वा, जणू चित्रच!’ एवढ्या भांडवलावर आमच्या तीन पिढ्यांची कलासमीक्षा व्यवस्थित चालली आहे. माझं भांडण पहिल्या वाक्याशी आहे.

अलिबागला आमच्या बाहेरच्या खोलीत क्लोद मोनेच्या पॉपलर वृक्षांचं चित्र लावलं आहे. अर्थात छापील. अस्सल घ्यायला बँकेत असून भागत नाही, बँकच असावी लागते. नदीकाठी सरळसोट झाडं, पाण्यात त्यांचीच थरथर, आणि एकाही पानाला कडा नाही. येणारा प्रत्येक जण आधी चष्मा पुसतो आणि मग विचारतो, “हे झाड कसलं?” एक वाडीवाले तर म्हणाले, “पानं दिसत नाहीत हो. रोग पडलाय काय?”

अहो, खऱ्या झाडाची तरी पानं तुम्हाला दिसतात का? संध्याकाळी किहीमला जाऊन सुरूंकडे बघा. एक काडी सुटी दिसली तर माझा महागाई भत्ता तुमचा! दिसतो तो काळपट हिरवा धूर, मधून समुद्राची चांदी, आणि बघता बघता सगळं जांभळं. आणि मोनेला पानं दिसत नव्हती म्हणता? लिला कॅबट पेरी या अमेरिकन चित्रकर्तीनं लिहून ठेवलंय, की पॉपलरच्या एका चित्राचा प्रकाश जेमतेम सात मिनिटं टिकायचा. एका ठरावीक पानावरून ऊन हललं की तो कॅनव्हास बाजूला, दुसरा पुढे. सात मिनिटांत आमच्या शाखेत चहा टेबलापर्यंत पोचत नाही. अशी वीसहून जास्त चित्रं! पंडितांनी या प्रकाराला ‘दृक्प्रत्ययवाद’ म्हणून निम्मी गिऱ्हाइकं दारातूनच परत पाठवली, ते सोडा.

बरं, त्याचा व्यवहार ऐका. १८९१ साली लिमेत्झ गावानं ती झाडं लाकडासाठी लिलावात काढली. चित्रं अर्धवट. मोनेनं एका लाकूडव्यापाऱ्याला गाठलं: तुझ्या अंदाजापेक्षा बोली वर गेली तर फरक मी भरतो, पण चित्रं होईपर्यंत कुऱ्हाड लावू नकोस. मी बी.कॉम. आहे, तारण, गहाण, मुदतवाढ, सगळं हाताखालून गेलंय. पण नुसतं बघायला मिळावं म्हणून पैसे मोजणारा खातेदार काउंटरवर अजून आलेला नाही.

आमच्याकडे मुदतवाढ कोणी मागितलीच नाही. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या पोफळी आडव्या झाल्या. भरपाईचा दर ठरला माडाला २५० रुपये, पोफळीला ५०. झाडं मोजली याबद्दल माझी तक्रार नाही. मोजल्याशिवाय वाडीवाल्यानं खायचं काय? पण त्या वाडीत दुपारी जमिनीवर चवल्या-पावल्या सांडल्यासारखं ऊन पडायचं, ते पंचनाम्याच्या कुठल्या रकान्यात घालणार? ते ज्यांना अजून आठवतंय त्यांनी बोलावं. पण विचारलं की सगळे फोटो काढून दाखवतात. आमच्या मेव्हण्याकडे वादळाआधीच्या त्या वाडीचे अकरा फोटो आहेत. अकराही फोटोंत मेव्हणा अगदी हुबेहूब आला आहे.