बंगल्यातला तलाव आणि वस्तीतला हंडा



बड्या लोकांच्या बंगल्यांत आणि फार्महाऊसवर पोहण्याचा खासगी तलाव बांधण्याची हौस वाढते आहे. कोणाच्या गच्चीवर गरम पाण्याचा टब असतो. आपल्या कष्टकरी घरांचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. तो खड्डा खणायला आपल्यातलेच मजूर जातात. तो घासायला आपल्या भगिनी जातात. आवारातल्या एका खोलीत वॉचमन मुलाबाळांसह राहतो. आणि पैठणच्या ज्या नाथसागराकडे आपण डोळे लावून बसतो, त्याचेच पाणी त्या तलावातही जाऊ शकते.

आधी हिशेब करू. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल तलावात ४० हजार लिटर पाणी मावते. शहरांसाठी सरकारी प्रमाण माणशी रोज १३५ लिटरचे आहे. म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबाचे हे जवळजवळ दोन महिन्यांचे पाणी झाले. उन्हाळ्यात रोज एक सेंटिमीटर पाणी उडून गेले, तरी रोज ३२० लिटर नव्याने ओतावे लागते. ज्या शहरातल्या वस्त्यांनी वर्षानुवर्षे आठवड्यातून एकदा येणाऱ्या नळाची वाट पाहिली, तिथे हा आकडा लहान नाही.

२०२२ साली आपल्या महापालिकेने घरगुती अर्धा इंची नळाची वार्षिक पाणीपट्टी ४,०५० रुपयांवरून २,०२५ रुपये केली. गरिबाला दिलासा मिळाला, हे खरे. पण मीटर नसला की त्याच मापाच्या नळावर चार हंडे भरणारा आणि तलाव भरणारा सारखेच पैसे देतो. ही समता नव्हे. १९५७ च्या दिल्ली महानगरपालिका कायद्याने कारंजी आणि पोहण्याचे हौद यांचे पाणी 'घरगुती वापर' या व्याख्येतून वगळले होते. पिण्याचे पाणी वेगळे आणि हौसेचे वेगळे, हा विचार जुनाच आहे.

मग नियम नाहीत का? आहेत. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात जमिनीवर किंवा जमिनीखाली केलेले बांधकाम 'विकास' या व्याख्येत येते आणि त्याला परवानगी लागते. टंचाईत पाण्यावर बंधनेही आणता येतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पोहण्याच्या तलावात पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी केली आणि ५,००० रुपये दंड ठेवला.

पण कागदावरचा नियम आपोआप माणसापर्यंत पोहोचत नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह त्या तळ्यावर जावे लागले, तेव्हा कुठे ओंजळीत पाणी आले. ठराव अंमलात आणायला माणसे उभी राहावी लागतात.

दुसरी गोष्ट जिवाची. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात १९९२ पासून कायदा आहे. ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी साठेल अशा घरगुती तलावाभोवती किमान १.२ मीटर उंच कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक लागते. आपल्याकडे मालक सांगेल तेव्हाच जाळी बसते. म्हणून अशा ठिकाणी राहणाऱ्या वा काम करणाऱ्या आपल्या माणसांनी काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. लहान मूल पाण्याजवळ एकटे सोडू नये; बुडणारे मूल ओरडतेच असे नाही. बांधकाम अर्धवट असताना खड्ड्यात पावसाचे पाणी साचते, तोही तितकाच घातक. सफाईची क्लोरीन पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नये; त्यातून विषारी वायू निघतो. हातमोजे आणि रबरी बूट मागून घ्यावेत. तो उपकार नाही, हक्क आहे.

आता करायचे काय? वस्तीच्या बुद्ध विहारात महिला मंडळाने आणि तरुणांनी बसून माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज लिहावा. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. महापालिकेला तीन प्रश्न विचारावेत: आपल्या प्रभागात किती खासगी तलावांना बांधकाम परवानगी दिली? त्यांना पाणी नळाचे, बोअरचे की टँकरचे? तलाव रिकामा केल्यावर ते पाणी कुठे सोडतात? उत्तर आले की तलावाच्या पाण्याला मीटर आणि वेगळा दर, तसेच टंचाईत बंदी, अशी मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

कोणाच्या पोहण्याचा आपल्याला हेवा नाही. आपल्या मुलांनीही पोहायला शिकले पाहिजे, आणि तेही खदानीत जीव धोक्यात घालून नव्हे, तर महापालिकेच्या तलावात परवडणाऱ्या शुल्कात. पण जोवर एखाद्या माउलीला हंड्यासाठी रात्री जागावे लागते, तोवर पाण्याचा पहिला मान तहानेचा. एवढे लेखी मागायला काय हरकत आहे? अर्ज या पौर्णिमेच्या बैठकीतच लिहा.

जय भीम! नमो बुद्धाय!