गावचा पेपर लावलात का?

सकाळच्या लोकलमध्ये मोबाइलवर काय वाचता? शेअर बाजार, क्रिकेट, कुणाचं तरी ब्रेकअप? मीही तेच वाचतो. पण माझ्या यादीत आणखी एक आयटम असतो, गावचा पेपर. ऑफिसातली मंडळी हसतात. ‘त्यात असतं काय रे? अमक्याचा सत्कार आणि तमक्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा!’

असतं ना, बॉस. तेही असतं. पण मराठी पत्रकारितेचा बाप आमच्याच लाल मातीतला, हे विसरू नका. बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. 6 जानेवारी 1832 रोजी त्यांनी मुंबईत ‘दर्पण’ काढलं, मराठी आणि इंग्रजी शेजारी-शेजारी. वेंगुर्ल्याचं साप्ताहिक ‘किरात’ 1922 चं, म्हणजे शंभरी ओलांडलेलं. सावंतवाडीच्या ‘वैनतेय’मध्ये वि. स. खांडेकर लिहायचे, तेव्हा ते शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. पुढे ज्ञानपीठ मिळवणारा माणूस तालुक्याच्या पेपरात लिहीत होता!

आता आजचं बघू. 26 ऑगस्ट 2024 ला राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा कोसळला आणि देशभरचे कॅमेरे मालवणात उतरले. चार दिवसांनी गेलेसुद्धा. पण पर्ससीन आणि एलईडीच्या मासेमारीविरुद्ध रापणकर, गिलनेटवाले वर्षानुवर्षं भांडताहेत, त्याचा हिशेब कोण ठेवतं? 2016 मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, पण भांडण मिटलं नाही. तुमच्या ताटातला बांगडा महाग का, याचं उत्तर अशाच बातम्यांत सापडतं. आणि दशावताराच्या सीझनमध्ये आज कुठल्या कंपनीचं नाटक कुठल्या देवळात, हे तुम्हाला कुठलं ॲप सांगणार?

मात्र डोळे उघडे ठेवून वाचा. बेळगावात बाबूराव ठाकूरांनी 1919 मध्ये सुरू केलेला ‘तरुण भारत’ वेगळा, नारायण राणेंनी 2008 मध्ये काढलेला ‘प्रहार’ वेगळा. पेपर कुणाचा हे माहीत असलं, की बातमी कशी वाचायची ते कळतं. एकाच भानगडीच्या बातम्या दोन पेपरांत वाचायच्या, धमाल येते.

आणि सर्वांत महत्त्वाचं पान कुठलं माहितीये? जाहीर नोटिसांचं. बारीक टाइप, कंटाळवाणी भाषा : अमुक सर्व्हे नंबरची जमीन आमचे अशील खरेदी करत आहेत, कुणाची हरकत असल्यास इतक्या दिवसांत कळवावी, अन्यथा हरकत नाही असे समजले जाईल. सातबाऱ्यावर पंधरा नावं, त्यातली बारा मुंबई-पुण्यात. चाकरमानी काय वाचणार? गेल्या वर्षी आमच्या सामाईक जमिनीची अशीच नोटीस आली. काकांनी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. बोरिवली, डोंबिवली, कोथरूड, सगळे चुलतभाऊ एका रात्रीत जागे झाले. हरकत वेळेत पोचली म्हणून माड अजून आमचे आहेत.

तेव्हा दोस्तांनो, एक करा. तुमचं गाव कोकणात असो की विदर्भात, तिथल्या एका साप्ताहिकाची वर्षाची वर्गणी भरा, दिवाळी अंकही मागवा. रोज दहा मिनिटं ई-पेपर चाळा. आणि रविवारी घरच्यांना फोन लावाल, तेव्हा ‘जेवलात का?’च्या पुढे बोलायला काहीतरी असेल. आमची आई हल्ली पहिला प्रश्न विचारते, ‘काय रे, पेपर वाचलंस?’