सोवळ्यांतलें भाषांतर

बायबलाचें एकादें नवें मराठी भाषांतर निघालें कीं ख्रिस्ती समाजांत दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, आमच्या वाडवडिलांनीं जें वाचलें तेंच खरें. दुसरा म्हणतो, जुनें कोणास कळत नाहीं, तें काढून टाका. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस हें भांडण परक्या आळींतलें वाटेल. तसें तें नाहीं. ज्या भाषेंत हें भांडण चाललें आहे ती आपली आहे, आणि ज्या वृत्तींतून तें उपजलें ती तर आपणां सर्वांच्या घरीं नांदते. धर्मसिद्धांतांत हात घालण्याचा आम्हांस अधिकार नाहीं व तशी इच्छाहि नाहीं. परंतु शब्दांची पारख करणें हा आमचा नित्याचा व्यवसाय असल्यामुळें दोन गोष्टी स्पष्ट बोलणें आम्हांस प्राप्त आहे.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर या वादाला एक निराळेंच वळण आहे. सावंतवाडी, वेंगुर्लें, मालवण येथील पुष्कळशा कॅथलिक कुटुंबांचीं मुळें गोव्यांत आहेत. त्यांच्या घरांत कोंकणी किंवा मालवणी, शाळेंत मराठी, आणि आजीच्या प्रार्थनापुस्तकांत रोमन लिपि. वेंगुर्ल्यास अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचें ठाणें होतें. त्याच्या छायेंत वाढलेली मंडळी मराठी बायबलावर पोसलेली. २००५ सालीं कॅथलिकांचा सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तरी शब्दांचीं राज्यें अजून वेगवेगळींच आहेत. एकाच बाजारांत मासळी घेणारीं दोन घरें. एका घरीं मुलाचा 'स्नानसंस्कार' होतो, दुसऱ्या घरीं 'बाप्तिस्मा'. एक घर 'ख्रिस्तयागा'स जातें, दुसरें 'प्रभुभोजना'स. आणि दोघांचीहि अशी प्रामाणिक समजूत कीं आपला शब्द तेवढा परंपरेचा, दुसऱ्याचा कोणीतरी मागाहून घुसडलेला!

तर मग या परंपरेचें वय एकदां तपासूं. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें रचलेलें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं गोव्यांत राशोल येथें रोमन अक्षरांत छापलें गेलें. छंद ओवीचा, भाषा मराठी, आणि स्वर्गाचें नांव वैकुंठ. या किनाऱ्याच्या ख्रिस्ती वाङ्मयांत याहून जुनी परंपरा दाखवणें कठीण. मग जुन्याचे अभिमानी आज स्वर्गास वैकुंठ म्हणावयास तयार आहेत काय? मुळींच नाहीं, तो शब्द ऐकतांच तेच सर्वांआधीं कान झांकतील. शिवाय या आद्य ग्रंथाची परंपरेनें कोणती बूज राखली? १६५४ सालच्या तिसऱ्या आवृत्तीनंतर थेट १९०७ सालीं मंगळुरास तो पुन्हां छापला गेला. मध्यंतरीं १६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज सरकारनें देशी बोली टाकून पोर्तुगीज बोलण्याचें फर्मान काढलें. अडीचशें वर्षें हें पुराण जगलें तें भाविकांच्या हस्तलिखितांतून व कंठांतून. तें देवनागरींत छापून मराठी वाचकाच्या हातीं पडावयास १९५६ साल उजाडावें लागलें; तें काम प्रा. शांताराम बंडेलू यांनीं केलें. परंपरेचा अभिमान इतकीं वर्षें कोठें निजला होता?

प्रॉटेस्टंटांची गोष्टहि याहून वेगळी नाहीं. विल्यम कॅरीच्या श्रीरामपूरच्या छापखान्यांतून मराठी नवा करार १८११ सालीं निघाला. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांचें त्यानें समाधान झालें नाहीं. त्यांनीं आपला नवा करार १८२६ सालीं छापला, आणि त्यानंतरहि शोधन-संस्करण चालूच राहिलें. कॅथलिकांची उपासना तर १९६३ सालच्या व्हॅटिकन परिषदेच्या ठरावापर्यंत लॅटिनमध्येंच होत असे. म्हणजे ज्या मराठी मिस्सेच्या शब्दांना आज सोवळें नेसवलें जातें, त्यांचें वय साठ वर्षांच्या आगेंमागें! आजोबांच्या तरुणपणीं जें नवें म्हणून नाकें मुरडलीं गेलीं, तेंच नातवाला अनादि वाटतें. यांत परंपरेपेक्षां विस्मरणाचाच भाग मोठा आहे.

हा रोग केवळ आमच्याकडचा नव्हे. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमनें हिब्रूवरून लॅटिन भाषांतर केलें, तेव्हां योनाच्या गोष्टींतला भोपळीचा वेल जाऊन त्या जागीं 'आयव्ही'चा वेल आला. उत्तर आफ्रिकेंतील एका गांवीं बिशपनें तो नवा पाठ वाचतांच मंडळींत एवढा गोंधळ माजला कीं त्याला आपला कळप गमावण्याची पाळी आली. ऑगस्टिननें ही हकीकत पत्रानें खुद्द जेरोमला कळवली आहे. पुढें काय झालें? त्याच जेरोमचें लॅटिन १५४६ सालीं ट्रेंटच्या परिषदेनें प्रमाण ठरवलें. इंग्रज भाषांतरकार टिंडलला १५३६ सालीं प्राणास मुकावें लागलें, आणि १६११ सालचें जें इंग्रजी बायबल पुढें पूज्य झालें त्यांत त्याच टिंडलचे शब्द ठायीं ठायीं भरले आहेत. काल ज्याला जाळलें, आज त्याच्याच शब्दाआड उभे राहून नव्यावर धोंडे मारावयाचे, हा न्याय कोणता?

आक्षेप असा घेतात कीं शब्द बदलला म्हणजे सिद्धांत बदलतो. हें भय खोटें नाहीं; पण तें नेहमीं नव्याकडूनच असतें असें मात्र नाहीं. मत्तयाच्या तेराव्या अध्यायांतला जाळ्याचा दृष्टांत घ्या. मूळ ग्रीकांत पेत्र व अंद्रिया यांच्या हातांतल्या, फेकून टाकावयाच्या जाळ्याला एक शब्द आहे, आणि या दृष्टांतांतल्या जाळ्याला अगदीं दुसरा. पहिला आमचा 'पाग'. तो एकटा माणूस फेकतो. दुसरें जाळें समुद्रांत सोडून, भलीबुरी सर्व मासळी घेरून, किनाऱ्यावर ओढून आणावयाचें, आणि मग वाळूंत बसून निवड करावयाची. मालवणच्या मच्छीमाराला हें समजावून सांगावयास भाष्यकार नको. ही त्याची रापण! आधीं सर्वांस एकत्र ओढणें आणि निवड अखेरीस, हेंच त्या दृष्टांताचें मर्म. नुसत्या 'जाळें' या रूढ शब्दांत तें अर्धें बुडून जातें. नागपूरच्या वाचकाला रापण ठाऊक नसेल. त्याच्यासाठीं तळटीप द्यावी. पण ज्याला ती ठाऊक आहे त्याच्यापासून तिचा अर्थ लपवून ठेवण्यांत कोणती श्रद्धा राखली जाते?

दुसरा आक्षेप गांभीर्याचा. सोपी भाषा म्हणजे हलकी भाषा, अशी आमच्या सुशिक्षितांची जुनीच समजूत आहे. तिला उत्तर पंडिता रमाबाईंनीं दिलें आहे. कलकत्त्याच्या विद्वानांनीं जिला 'सरस्वती' म्हटलें, जिच्या जिव्हेवर संस्कृत खेळत होतें, तिनें केडगांवीं बसून हिब्रू व ग्रीक अभ्यासिलें आणि सबंध बायबल साध्या मराठींत उतरवलें. कां, तर आश्रमांतल्या अडाणी बायकांना तें वाचतां यावें म्हणून. १९२२ सालीं, मृत्यूच्या उंबरठ्यावर, तिनें काम पुरें केलें व १९२४ सालीं तें छापून निघालें. ज्याच्यापाशीं संस्कृताचें भांडार असतें त्याला त्याचें प्रदर्शन करावें लागत नाहीं. तरीहि हें भाषांतर मंडळ्यांच्या नित्यपाठांत आलें नाहीं. ज्या समाजाला अशी पंडिता लाभली, त्यानें तिचा ग्रंथ कपाटांत ठेवून शब्दांच्या सोवळ्याओवळ्यावर भांडत बसावें, याहून खेदाची गोष्ट कोणती?

आतां दुसऱ्या पक्षालाहि चार शब्द. नव्याच्या उत्साहांत हे लोक आजीच्या मुखांतली प्रार्थनाहि सुधारावयास निघतात. तें आम्हांस बिलकुल मान्य नाहीं. पाठांतर आणि वाचन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जें साठ वर्षें ओठांवर राहिलें, ज्याच्या आधारें माणसानें मूल पुरलें, वादळांतून होडी परत आलेली पाहिली, तें शब्दकोशानें पारखावयाचें नसतें. अखेरच्या आजारांत माणसाला नवा पाठ शिकवूं नये. परंतु जें समजण्यासाठीं वाचावयाचें, जें मुलांना शिकवावयाचें, तें समजलेंच पाहिजे. तेथें आजीचा दाखला देऊन नातवाला अंधारांत ठेवण्याचा हक्क कोणासहि नाहीं.

आमच्याच संतांनीं ही तोड दाखवून ठेवली आहे. शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, एकनाथांनीं ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. ज्ञानेश्वरांविषयीं त्यांच्याहून अधिक भक्ति कोणास होती? पण रूढ झालेला पाठ तो रूढ आहे एवढ्यासाठींच त्यांनीं पूज्य मानला नाहीं. मुळाकडे जाणें हीच त्यांची पूजा होती. ख्रिस्ती मंडळींनीं एवढेंच करावें. प्रार्थना व गीतें जुनीं राहूं द्यावीं. जाहीर वाचनास आजच्या मराठींतला, मुळाशीं ताडलेला पाठ घ्यावा. आणि कॅथलिक व प्रॉटेस्टंट विद्वानांनीं एका मेजाशीं बसून निदान मुख्य संज्ञांपुरता तरी समेट करावा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबला'सारखे प्रयत्न डोळ्यांपुढें असतां हें अशक्य म्हणणें हा केवळ आळस होय. भाषांतर हें सेवक आहे. सेवकाला देव्हाऱ्यांत बसवलें म्हणजे देवाला उभें राहावयास जागा उरत नाहीं.