वचन त्यांचे, निवाडाही त्यांचाच

"सर, पाणी गेलं आहे आत," काउंटरपलीकडच्या तरुणाने संगणकाच्या पडद्यावरचे एक छायाचित्र माझ्यापुढे फिरवले. छायाचित्रात माझ्या लॅपटॉपचे पोट उघडे पडलेले होते आणि एका कोपऱ्यात तांदळाएवढी एक चिकटपट्टी गुलाबी झालेली दिसत होती. कोरडी असताना ही पट्टी पांढरी असते, पाण्याचा स्पर्श झाला की रंग बदलते. तेवढ्यावरून निर्णय झाला होता : बिघाड ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, सबब वॉरंटी लागू नाही, मदरबोर्ड बदलावा लागेल, खर्च ४१,३०० रुपये.

लॅपटॉप घेतला होता ६४ हजारांना, २०२४ च्या दसऱ्याला, डोंबिवलीतल्या एका दुकानातून. एक वर्षाची वॉरंटी होती. २०२५ च्या जुलै महिन्यात एके सकाळी तो सुरूच झाला नाही. दिवा नाही, पंखा नाही. त्यावर चहा सांडलेला नव्हता, पावसात तो भिजलेला नव्हता. तीन दिवस तो घरातल्या टेबलावरून हललाही नव्हता. हे मी त्या तरुणाला सांगितले. त्याने नम्रपणे ऐकून घेतले आणि पुन्हा त्या गुलाबी पट्टीकडे बोट दाखवले.

ठाण्यातल्या त्या सेवा केंद्रात मी एकूण सहा वेळा गेलो. पहिल्या वेळी यंत्र जमा करून घेताना एका छापील कागदावर स्वाक्षरी घेतली गेली. यंत्रात साठवलेल्या माहितीची कोणतीही जबाबदारी कंपनीची नाही, असा त्या कागदाचा आशय. कलाशाखेच्या पदवीधराला यंत्रातले फारसे कळत नाही, परंतु भाषा कळते. आपण ज्याला वचन म्हणून समजतो त्या मजकुरात 'देऊ' हे क्रियापद एकदा येते आणि 'देणार नाही' हे पुढच्या दोन पानांत पसरलेले असते.

नऊ दिवसांनी वरील निकाल आला. मग सुरू झाली दूरध्वनीची यात्रा. एक दाबा, दोन दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. प्रत्येक वेळी नवा आवाज, नवा तक्रार क्रमांक आणि तेच आश्वासन : ४८ तासांत वरिष्ठ संपर्क साधतील. वरिष्ठांनी संपर्क साधला नाही. दुकानदाराकडे गेलो, तर तो म्हणाला, "काका, आमचं काम विकण्याचं. पुढचं कंपनी बघते." कंपनी कुठे आहे, असे विचारल्यावर त्याने मला तोच दूरध्वनी क्रमांक लिहून दिला.

तिसऱ्या खेपेला माझा तोल गेला. त्या काउंटरवरच्या मुलावर मी चारचौघांत आवाज चढवला. तो गप्प राहिला. गर्दी ओसरल्यावर हळूच म्हणाला, "सर, मी कंपनीचा माणूस नाही. आमच्या केंद्राला कंत्राट दिलेलं आहे. माझ्या हातात फक्त फोटो काढून पाठवणं आहे. पास-नापास तिकडून होतं." 'तिकडे' म्हणजे कुठे हे त्यालाही ठाऊक नव्हते. ज्याने यंत्र हाताळले त्याला अधिकार नाही, ज्याला अधिकार आहे त्याने यंत्र पाहिले नाही, आणि दोघांच्या मध्ये एक छायाचित्र. जाब विचारावा असा चेहराच या व्यवस्थेत ठेवलेला नाही. मी ओरडलो तो ज्याचा चेहरा समोर होता त्याच्यावर. याची मला आजही लाज वाटते.

वाचकहो, चाळीस हजारांचा प्रश्न एरवी मी कदाचित गिळला असता. आपण मध्यमवर्गीय माणसे अशा वेळी नशिबाला चार शब्द ऐकवतो आणि दिवाळीच्या खरेदीत काटकसर करतो. परंतु त्या लॅपटॉपमध्ये माझे मामा होते. मामा एसटीत चालक होते. चिपळूण-कराड मार्गावर त्यांचे उभे आयुष्य गेले. वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांच्या आठवणी मी ध्वनिमुद्रित करून घेत होतो. कुंभार्ली घाटात रात्री फॅनबेल्ट तुटला तेव्हा एका प्रवाशाच्या सुंभाच्या दोरीवर गाडी त्यांनी खाली कशी उतरवली, पावसाळ्यात दरड कोसळली की प्रवाशांच्या शिदोऱ्या एकत्र करून पंगत कशी बसे, अशा अकरा तासांच्या हकिगती. मोबाइलमध्ये जागा उरेना म्हणून मी त्या लॅपटॉपवर घेतल्या आणि मोबाइलमधून पुसल्या. दुसरी प्रत केली नाही. हा सर्वस्वी माझा गाढवपणा. २०२५ च्या मार्च महिन्यात मामा गेले.

मी केंद्रात विचारले, मदरबोर्ड बदला, पण माहिती तेवढी काढून द्याल का? उत्तर ऐकून मी थक्क झालो. हल्लीच्या पातळ लॅपटॉपपैकी अनेकांत माहिती साठवणारी चिप वेगळी काढता येत नाही, ती मदरबोर्डलाच डाक लावून बसवलेली असते. माझे यंत्र त्याच जातीचे. बोर्ड बदलला की त्यावरचे सगळे गेले. मग जुना बोर्ड मला परत द्या, म्हटले. तेही शक्य नाही. काढलेला सुटा भाग कंपनीच्या मालकीचा होतो, असे अटींत लिहिलेले आहे. म्हणजे मी ४१ हजार रुपये भरायचे आणि वर माझ्या मामांचा आवाज कंपनीच्या भंगारात जमा करायचा. वॉरंटी मान्य झाली असती तरी आवाजाचे तेच झाले असते, फरक फक्त पैशांचा.

यंत्र न दुरुस्त करता परत घेतले. निघताना त्या मुलाने, बहुधा नियम म्हणून, बजावले : बाहेर उघडलंत तर वॉरंटी कायमची रद्द.

डोंबिवली पूर्वेला स्थानकाजवळच्या एका गल्लीत दहा बाय आठच्या गाळ्यात एक तरुण सूक्ष्मदर्शकाखाली मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्त करतो. शेजाऱ्याने त्याचे नाव सुचवले. पाटीवर कोणत्याही कंपनीचे अधिकृत चिन्ह नाही. त्याने झाकण उघडले, मल्टिमीटरची टोके इथेतिथे टेकवली, पंधरा-वीस मिनिटे काही बोलला नाही. मग मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितले. मोहरीच्या दाण्याएवढा एक कपॅसिटर आतल्या आत जोडला गेला होता. विजेचा मार्ग त्यामुळे थेट जमिनीला मिळत होता आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी सुरूच होत नव्हते. त्याने तो दाणा काढला, दुसरा बसवला. दीड तास, १,८०० रुपये. पडदा उजळला आणि त्या गाळ्यातच मी पहिली फाइल लावून पाहिली. मामा खाकरले आणि म्हणाले, "कुठवर आलो होतो आपण?"

पाण्याचे काय, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "काका, पाणी गेलं तर इथे गंज दिसतो, पांढरी बुरशी धरल्यासारखी दिसते. यात काहीच नाही. पट्टी मात्र हवा जायच्या जाळीला लागूनच आहे. आपल्याकडे जुलैत भिंतींना ओल येते, पट्टीचं काय घेऊन बसलात!" हे त्याचे मत. ओल्या हवेने अशी पट्टी रंग बदलते की नाही यावर मी निवाडा देऊ शकत नाही. माझा आक्षेप त्याच्या अलीकडचा आहे. वचन ज्याने दिले, ते आपल्याला लागू होते की नाही हे ठरवणाराही तोच, पुरावा गोळा करणाराही तोच, आणि त्याच्या निकालावर अपील करायचे ते त्याच्याच दूरध्वनी क्रमांकावर. असल्या व्यवहाराला आपण गावात काय म्हणतो हे सांगण्याची गरज नाही.

कारागिराने शब्द पाळावा हा आग्रह आपल्याकडे नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या 'कण्टकशोधन' नावाच्या अधिकरणाची सुरुवातच कारागिरांपासून लोकांचे रक्षण कसे करावे या विषयाने होते. ठरल्या वेळी काम न देणाऱ्याची मजुरी पावपट कापावी आणि त्या रकमेच्या दुप्पट दंड करावा, असे तिथे सांगितले आहे. कौटिल्याने हा निवाडा कारागिरावर सोपवला नव्हता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आधुनिक काळात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे राहिले, ते याच जाणिवेतून. १९८६ मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. जी हमी पाळली जाण्याची वाजवी शक्यताच नाही ती देणे, ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. आता ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करू शकतो, कंपनीचे मुख्यालय बंगळूरला असो वा गुरुग्रामला. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, वकील सक्तीचा नाही.

हे सारे चांगले आहे. परंतु कायद्याने तक्रारीचे दार उघडले, दुरुस्तीचे अद्याप पुरते उघडलेले नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. कंपन्यांनी आपली दुरुस्तीविषयक माहिती त्यावर द्यावी अशी अपेक्षा आहे. अपेक्षा आणि सक्ती यांत मात्र अंतर असते. सक्ती केली की काय होते याचा मासलाही आपल्याच देशात आहे. सुटे भाग आणि तंत्रमाहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. पुढे त्यावर अपिले झाली, तो भाग वेगळा. मोटारीला जो न्याय, तो लॅपटॉपला का नसावा?

अमेरिकेचे गोडवे गाण्याची मला हौस नाही, पण तिथे १९७५ पासून असा कायदा आहे की दुरुस्ती आमच्याच केंद्रात केलीत तरच वॉरंटी टिकेल अशी अट कंपनीला सर्वसाधारणपणे घालता येत नाही. 'हे सील तोडल्यास वॉरंटी रद्द' यासारख्या अटी घालणाऱ्या सहा कंपन्यांना तिथल्या व्यापार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये ताकीद दिली. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी तो दुरुस्तीस किती सुलभ आहे याचे दहापैकी गुण छापावे लागतात. माझ्या यंत्राला अशा परीक्षेत किती गुण मिळाले असते, हे दुकानात उभा असतानाच मला कळायला हवे होते. ज्याची साठवण मदरबोर्डला जखडलेली आहे ते यंत्र मी बहुधा घेतलेच नसते.

वॉरंटी नाकारायची असेल तर कारण सिद्ध करण्याचा भार नाकारणाऱ्यावर असावा आणि नाकारणाऱ्याचे नाव व स्वाक्षरी त्या कागदावर असावी, एवढे तरी आपण मागायला हवे. त्या मुलासाठीही हेच न्याय्य ठरेल. दुसऱ्याच्या निर्णयाच्या शिव्या तो रोज खातो. आणि गल्लीतल्या त्या कारागिराला सुटा भाग व नकाशा राजमार्गाने विकत मिळाला पाहिजे. आज तो भंगारातले बोर्ड विकत घेऊन त्यांतले दाणे उचकटून वापरतो.

ऑगस्टमध्ये मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. चार दिवसांत कंपनीचे उत्तर आले : निर्णय धोरणानुसार आहे, तक्रार बंद करावी. मग स्पीड पोस्टने लेखी नोटीस पाठवली, तिला उत्तर नाही. दिवाळीनंतर ई-जागृती संकेतस्थळावरून ठाणे जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल केली. काउंटरवरची पावती, ते छायाचित्र, जुळवून ठेवलेले अकरा तक्रार क्रमांक आणि त्या कारागिराने दिलेले हस्तलिखित निवेदन सोबत जोडले. माझी बाजू एका ठिकाणी लंगडी आहे, हे मला ठाऊक आहे. यंत्र आता बाहेरच्या हाताने उघडलेले आहे, आणि कंपनी नेमके तेवढेच धरून बसेल. मामांचा आवाज आणि माझा दावा यांतून मी आवाज निवडला. ग्राहकावर अशी निवड करण्याची पाळी का यावी, हाच माझ्या तक्रारीतला पाचवा मुद्दा आहे.

मध्यंतरी त्या मुलाची क्षमा मागायला ठाण्याला गेलो होतो. तो नोकरी सोडून गेल्याचे कळले. आयोगाची नोटीस कंपनीला पोहोचल्याची पोच आता मिळाली आहे. लेखी उत्तरासाठी कायद्याने तीस दिवस दिले आहेत, आयोगाने ठरवले तर फार तर आणखी पंधरा. त्यापुढे एकही दिवस वाढवून देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलेले आहे. मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर दोन्ही तारखांना खूण करून ठेवली आहे.