‘मान्य आहे’ दाबण्यापूर्वी



पावसाच्या तोंडावर नवापूरला एका वाडीत गेलो होतो. तिथल्या ताईंनी वर्षाचे पैसे भरून मोबाइलवर पीकसल्ल्याचे ॲप घेतले होते. दोन महिन्यांत सल्ला येणे बंद झाले. विचारणा केली तर कंपनीने अटींकडे बोट दाखवले : सेवेची हमी नाही, पैसे परत मिळणार नाहीत, दावा लावायचा तर दूरच्या शहरातच लावावा. ताई म्हणाल्या, “साहेब, पुतण्याने ‘मान्य आहे’ दाबले. आम्ही वाचलेच नाही. मग बांधील कसे?”

प्रश्न रास्त आहे. उत्तराच्या बाजू मात्र दोन आहेत.

पहिली बाजू कडू आहे. असे ॲप आपल्या मालकीचे होत नाही. ते वापरण्याचा परवाना तेवढा मिळतो. मळणीयंत्र भाड्याने आणावे तसेच हे. यंत्र मालकाचे, आणि वापराच्या अटीही त्याच्या. बटण दाबणे ही सहीच समजा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याचे कलम १०अ सांगते, की करार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून तो निरर्थक ठरत नाही. वाचले नाही, ही सबब सहसा चालत नाही.

दुसरी बाजू धीर देणारी आहे. छापलेली अट कायद्यापेक्षा मोठी नसते. १९६० च्या दशकात मद्रास उच्च न्यायालयापुढे एक खटला आला. लाँड्रीत दिलेली नवी साडी हरवली. पावतीवर छापले होते, की भरपाई निम्म्या किमतीपुरतीच मिळेल. न्यायालयाने ती अट सार्वजनिक हिताविरुद्ध ठरवली.

आपल्या धंद्यातला दाखला बियाण्याचा. राष्ट्रीय बीज निगमाविरुद्ध आंध्रातील शेतकरी ग्राहक मंचात गेले. करारात लवादाची अट आहे, मंचात येता येणार नाही, असे निगमाचे म्हणणे होते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले आणि असा शेतकरी ग्राहकच आहे असे सांगितले.

ताईंना मी हेच समजावले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. करारातील अट ग्राहकावर अन्याय करणारी असेल तर ती रद्द ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाला आहे. प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. फुकटच्या ॲपला मात्र हा आधार मिळणे कठीण, कारण ग्राहक ठरायला मोबदला दिलेला असावा लागतो.

म्हणून एवढे करा. पैसे भरण्यापूर्वी मुदत, पैसे परत मिळण्याची अट आणि तक्रारीचा पत्ता या तीन गोष्टी घरातल्या शिकलेल्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. अटींच्या पानाचे आणि पैसे भरल्याच्या पावतीचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. बियाण्याची पिशवी व बिल आपण हंगाम संपेपर्यंत जपतो. हेही तसेच जपावे. ताईंकडे पावती होती, म्हणूनच त्यांची तक्रार लिहिता आली.