घरचें दप्तर

आमच्या अंजनवेलच्या घरीं आंब्याकाजूची सामाईक बाग आहे. तिचा हिशेब तीस वर्षें आमच्या दादांनीं ठेविला. पूर्वीं तो बासनांत बांधलेल्या वह्यांत असे. पुढें घरांत संगणक आला, तेव्हां सत्तरी ओलांडलेले दादा तोहि शिकले आणि सर्व कागद त्यांत ठेवूं लागले. गेल्या माघांत ते निवर्तले.

वैशाखांत धाकट्या बंधूंच्या मुलानें मुंबईहून विचारलें कीं, कुंपणासाठीं आपण पाठविलेल्या चाळीस हजारांची पावती कोठें आहे? प्रश्न साधा होता. आम्ही संगणक उघडला. आंत ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर २’ असे नऊ फोल्डर. एकांत ‘हिशेब’, दुसऱ्यांत ‘हिशेब अंतिम’, तिसऱ्यांत ‘हिशेब अंतिम खरा’! पावती मात्र कशांतच नाहीं. मुंबईचा रोजचा फोन हळूहळू बंद झाला. वहिनी मला एकदां एवढेंच म्हणाल्या, “भावोजी, ह्यांनीं कोणाच्या पैला हात लावला नाहीं. पण दाखवूं काय?”

अकराव्या दिवशीं सूनबाईला ती पावती ‘डाउनलोड्स’ नांवाच्या फोल्डरांत सांपडली. नांवाच्या जागीं नुसते चौदा आंकडे होते. दादांचा व्यवहार स्वच्छ होता. पावतीला नांव नव्हतें, इतकेंच. परंतु त्या अकरा दिवसांत वहिनींनीं जें सोसलें, तें पावती सांपडल्यानें भरून निघालें नाहीं.

मीं जन्मभर मुलांना संस्कृत शिकविलें. संगणकाविषयीं बोलण्याचा माझा अधिकार तो काय! पण दप्तर लावणें ही विद्या संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. आमच्या शेजारीं गुहागरास १८५८ सालीं जन्मलेले वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृतचे शिक्षक होते. पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील मोडी पत्रें वाचून, निवडून, कालक्रमानें लावून त्यांनीं १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापण्यास आरंभ केला, व १९२४ सालीं देह ठेवीपर्यंत तें काम सोडलें नाहीं. त्या काळच्या पुष्कळ पत्रांत महिना व तारीख असे, पण साल नसे. लिहिणारास व वाचणारास तें ठाऊकच असावयाचें! शंभर वर्षांनंतर मात्र एकेका पत्राचें साल ठरविण्यासाठीं आंतला मजकूर दुसऱ्या पत्रांशीं ताडून पाहावा लागे. आमच्या दादांचेंहि तसेंच झालें. सारें त्यांच्या स्मरणांत होतें. आणि स्मरण माणसाबरोबर जातें.

पेशव्यांच्या दप्तरांतील कागद रुमालांत, म्हणजे चौकोनी फडक्यांत, बांधून ठेवीत. संगणकांतील फोल्डर हा असा रुमालच समजावा. सूनबाईच्या मदतीनें आम्हीं घरचें दप्तर नव्यानें लावलें, त्याची रीत वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून देतों.

मोठे रुमाल थोडेच असावेत. आमच्याकडे पांच आहेत : घर, बाग, औषधपाणी, शिक्षण आणि छायाचित्रें. प्रत्येकाच्या आंत सालवार फोल्डर. याहून खोल जाऊं नये. रुमालांत रुमाल बांधीत गेलें कीं बांधणारालाच गांठ सुटत नाहीं. कागद एकाच जागीं असावा. दोन ठिकाणीं ठेवला तर एकांत सुधारणा होते व दुसरा चुकीचा राहतो.

कागदाचें नांव सालानें सुरू करावें, मग महिना, मग तारीख, मग विषय. उदाहरणार्थ, ‘२०२३-०४-०९ कुंपण पावती’. महिना व तारीख दोन आंकडी लिहिली म्हणजे कागद आपोआप कालक्रमानें उभे राहतात. तारखेंत तिरपी रेघ घालूं नये. ती विंडोजला नांवांत चालत नाहीं, आडवी चालते. नांव मराठींत लिहिण्यास हरकत नाहीं. ‘अंतिम’ हा शब्द मात्र आम्हीं वर्ज्य केला आहे. संसारांत अंतिम असें कांहीं नसतें. कोणता कागद नंतरचा, हें तारीख सांगते.

‘डाउनलोड्स’ ही घराची पडवी आहे. बाहेरून येणारा प्रत्येक कागद प्रथम तेथें टेकतो. पडवी रोज झाडतों, तशी हीहि निदान आठवड्यास झाडावी. ठेवावयाचें तें नांव देऊन आंत न्यावें, बाकीचें काढून टाकावें.

प्रत दुसरीकडे असावी. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीचें पाणी चिपळुणांत शिरलें, तेव्हां घरोघरचे कागद आणि यंत्रें एकदमच भिजलीं. तीच नदी आमच्या गांवापाशीं समुद्राला मिळते. एका यंत्रांतल्या दोन प्रती यंत्र बुडाल्यावर दोन्ही बुडतात. म्हणून एक प्रत बाहेरच्या डिस्कवर कपाटांत, व दुसरी पुण्यास भाचीकडे ठेविली आहे.

शेवटीं परीक्षा. घरांतील दुसऱ्या माणसास एक कागद शोधावयास सांगावें, आणि आपण गप्प बसावें. त्याला विचारावें लागलें, तर दप्तर अजून लागलेलें नाहीं. संगणक उघडण्याचा परवलीचा शब्दहि घरांतील एका तरी विश्वासू माणसाला ठाऊक असावा.

गणपतीला मुंबईचा पुतण्या आला. आरती झाल्यावर वहिनींनीं आपण होऊन संगणक उघडला आणि ‘बाग’ हा रुमाल त्याच्यापुढें ठेविला. तो खालीं मान घालून म्हणाला, “काकू, राहूं द्या.” त्या म्हणाल्या, “नाहीं, पाहा. पुढें हें तुलाच सांभाळावयाचें आहे.”